बिनखुणेचा मेंढा

आमच्या खांडात दोनशे चाळीस मेंढरं होती आणि त्यांतल्या दोनशे एकोणचाळीसांचा डावा कान टोकाला कापलेला होता. खांड म्हणजे आमचा कळप, आणि कानाची ती खाच म्हणजे आम्हा झिमलांची खूण. दहा कळप एकमेकांत मिसळले तरी खाच बघून आपलं जनावर ओळखता येतं. चांद्याचे दोन्ही कान मात्र जन्माला आले तसेच होते. तो बिरोबाला सोडलेला मेंढा. देवाच्या जनावरावर माणसाने आपली खूण करायची नाही, असा आमच्या घरचा दंडक. त्याला विकायचं नाही, कापायचं नाही, खच्ची करायचं नाही आणि घरच्या कर्त्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणी त्याला धरायचंही नाही. तो म्हातारा झाला, की त्याच्याच पोरांतला कपाळावर पांढरा चांद असलेला एखादा निवडायचा आणि देवाला सोडायचा. चांद्या या रांगेतला सातवा.

हे सगळं मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून पाठ होतं. त्यामुळे मी जे केलं ते अजाणता झालं, असं म्हणायची सोय मला नाही.

मी मायाक्का झिमल. केंद्रातल्या ओळखपत्रावर डॉ. माया झिमल. माणदेशातल्या माळावर २०३६ साली उन्नत मेष केंद्र उभं राहिलं, तेव्हा तिथे नोकरीला लागलेली मी पहिली धनगराची पोर. माझे वडील, सिदाआबा, बाजारात भेटेल त्याला सांगत सुटले होते, "आमची माया मेंढीच्या आतलं वाचती." आणि खरं तर ते फारसं चुकीचं सांगत नव्हते.

मी काय वाचत होते ते आधी सांगते. प्रत्येक पेशीत डीएनएची एक जाडजूड पोथी असते. कातडीतही तीच आणि काळजातही तीच. पण कुठलीच पेशी अख्खी पोथी वाचत नाही. त्या घडीला जी पानं लागतात तेवढ्यांची ती नक्कल उतरवते, नक्कल कामाला लावते आणि काम झालं की फाडून टाकते. या नकला म्हणजे आरएनए. मेंढीच्या मांसाचा किंवा चरबीचा हरभऱ्याएवढा तुकडा काढायचा, त्यातल्या सगळ्या नकला गोळा करायच्या आणि यंत्राकडून त्यांची अक्षरं वाचून घ्यायची. मग कळतं, की तुकडा काढला त्या क्षणी कोणती जनुकं बोलत होती आणि कोणती गप्प होती. झपाट्याने वाढणाऱ्या कोकराचा तुकडा आणि रखडत वाढणाऱ्याचा तुकडा शेजारीशेजारी वाचले, की दोघांत फरक कुठे पडतो ते समोर येतं.

फरक एकोणीस जनुकांत होता. आमच्या दख्खनी मेंढीत ही एकोणीस जनुकं भलतीच बडबडी निघाली. चाऱ्याच्या चार घासांतला एक घास ती चरबी करून कातडीखाली आणि मूत्रपिंडाभोवती दडवून ठेवायची. खाटीक ती चरबी कापून बाजूला टाकतो. म्हणजे चौथा हिस्सा चारा वायाच, असा आमचा हिशेब झाला. ज्या मोजक्या मेंढ्यांमध्ये ही जनुकं गप्प होती, त्यांची कोकरं सात महिन्यांचं वजन चार महिन्यांत भरायची. मग आम्ही रक्ताच्या थेंबावरून कळणारी चाचणी तयार केली आणि प्रत्येक जनावराला प्रत लावली. अ म्हणजे ठेवा, ब म्हणजे बघू, क म्हणजे काढा.

चांद्या क होता. आम्ही वाचलेल्या सहा हजार मेंढ्यांमध्ये सगळ्यात खालचा.

केंद्र सुरू झालं त्या वर्षी आबा बघायला आले होते. पत्र्याच्या लांबलचक गोठ्यात मेंढरं ओळीने गव्हाणीत तोंड घालून उभी होती, वर पंखे फिरत होते. आबांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी मारली आणि विचारलं, "ह्यास्नी चालीवता कवा?"

"चालवत न्हाय, आबा. हितंच खात्यात, हितंच बसत्यात."

"मंग बसल्या जनावराचं रगत काढून तुला काय कळायचं? घाट उतरताना काढ की. पावसात भिजल्यावर काढ. तवा मेंढरू खरं बोलतंय."

मी हसले. शिकलेली पोर अडाणी बापाला हसते तसंच हसले, लपवायचं कशाला. मग त्यांना समजावलं, की या नकला फार नाजूक असतात, काही मिनिटांत त्यांचा चुरा होतो, तुकडा जागच्या जागी गोठवावा लागतो आणि गोठवायची टाकी घाटात नेता येत नाही. ते "बरं बाय" म्हणाले. टाकी नेता आली असती. दोन गाड्या, चार माणसं आणि एक हंगाम जास्त लागला असता, एवढंच. पण केंद्राच्या संचालक गुर्जर मॅडमना अहवाल मार्चच्या आत हवा होता. आणि खोटं कशाला बोलू, मलाही हवा होता.

दोन वर्षांनी योजना आली. ज्या कळपात फक्त अ प्रतीचे मेंढे असतील त्याला शुद्ध कळपाचा दाखला मिळायचा. क प्रतीच्या मेंढ्या विकायच्या, मेंढे खच्ची करायचे. गावोगावचे धनगर माझ्या तोंडाकडे बघून योजनेत आले. कुणीकुणी देवाची माफी मागून देवाचे मेंढेसुद्धा खच्ची केले. आबांनीही केंद्राचे दोन मेंढे घेतले, बऱ्याच मेंढ्या विकल्या. चांद्याचा विषय निघाला, तेव्हा मात्र त्यांनी मान हलवली. "त्यो माझा न्हाय. देवाचा हाय. देवाला इचारल्याबिगर म्या कसा हात लावू?"

गुर्जर मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांनी मला खोलीत बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "माया, तुझ्याच घरचा कळप नापास झाला, तर उद्या बाकीच्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं?" मग कपाटातून पांढऱ्या टोपणाची एक सुई काढून माझ्यासमोर ठेवली. ती आमच्याच शेजारच्या खोलीत तयार झाली होती. मी जनुकांचं बोलणं वाचत होते. त्या खोलीतले लोक त्यांना गप्प कसं करायचं ते शोधत होते. बीज तयार करणारी जनुकं या सुईने कायमची मुकी व्हायची. मेंढा अंगापिंडाने तसाच राहायचा, त्याचा माजही तसाच. तो मेंढीवर चढायचा, मेंढीलाही कळायचं नाही. फक्त बीज नसायचं.

लसीकरणाच्या सकाळी मी घरी गेले. खांडातल्या सगळ्यांना लस टोचून झाली. शेवटी चांद्या. त्याला धरायचा मान आबांचा. त्यांनी त्याला दोन्ही गुडघ्यांत घेतलं, एका हाताने हनुवटी वर उचलली आणि दुसऱ्या हाताने कमरेची पिशवी सोडून चिमूटभर भंडारा माझ्या हातातल्या सुईला लावला.

"देवाचं नाव घे आन् टोच."

मी देवाचं नाव घेतलं आणि टोचली. पांढऱ्या टोपणाची. केंद्रात परत येऊन चांद्याच्या नावापुढे 'वंध्य' असा शेरा लिहिला, आणि आमच्या खांडाला दाखला मिळाला.

पुढची तीन वर्षं चांगली गेली, हेही सांगितलं पाहिजे. कोकरं दिसामासी वाढत होती. लांबलांबून लोक बघायला यायचे. माझी भाषणं व्हायला लागली. कुरकुर तेवढी आबांची. दर वेताला ते कोकराचं कपाळ अंगठ्याने पुसून बघायचे आणि म्हणायचे, "औंदाबी चांद उतरला न्हाय. चांद्या म्हातारा व्हायच्या आत उतराया पायजे." मी ताटात मान घालायचे. विकायला सांगितलेल्या क प्रतीच्या अकरा मेंढ्या त्यांनी तशाच ठेवल्या होत्या, चांद्याच्याच बापाच्या लेकी. "म्हाताऱ्या हायत, ऱ्हाऊ दे," एवढंच त्यांचं म्हणणं. मीही कागदावर त्यांना मेलेल्या दाखवून टाकलं होतं.

मग तो डिसेंबर आला. आमच्याकडची खांडं दिवाळीनंतर कोकणच्या वाटेला लागतात. त्या वर्षी सगळी घाटमाथ्यावर पोचली होती आणि अवकाळी पाऊस सुरू झाला. तीन दिवस तीन रात्री, वरून झोंबरा वारा. माझ्या भावाचा, भागूदादाचा, फोन आला. तो एवढंच म्हणाला, "माये, उभ्या उभ्या मरायल्यात गं." मी पोचले तेव्हा चौथ्या दिवसाची दुपार होती.

पाऊस थांबला होता. उतारावर वाघरी लावलेल्या होत्या. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. लांबून बघितलं तर आत मेंढरं एकमेकांना टेकून उभी असल्यासारखी वाटत होती. जवळ गेल्यावर समजलं, की ती मेलीत आणि दाटीमुळे पडायला जागा नाही म्हणून उभी आहेत. एका वाघरीत नाही, सगळ्या उतारावर. भागूदादा हातात घोंगडं घेऊन उभा होता. तीन दिवस त्याने ते एकापाठोपाठ एका कोकरावर पांघरलं होतं. माणूस एक, घोंगडं एक, किती जणांवर घालणार? आमच्या दोनशे चाळिसांतली बारा उरली होती. त्या अकरा म्हाताऱ्या मेंढ्या आणि चांद्या. चांद्याच्या लोकरीतून पाणी गळत होतं आणि तो शांतपणे रवंथ करत होता.

मी गाडीतून टाकी उतरवली. हो, या खेपेला आणली होती. त्याच चिखलात बसून मी अकरा मेंढ्यांचे सुईच्या टोकाएवढे तुकडे काढले आणि गोठवले. चांद्याचाही काढला. खांडाबरोबर आलेल्या आबांनीच त्याला धरलं.

त्या तुकड्यांचं वाचन मी केंद्रात केलं. ज्यांना आम्ही बडबडी म्हणत होतो ती एकोणीस जनुकं थंडीत, उपाशीपोटी वेगळंच काहीतरी करत होती. ती साठवलेली चरबी सोडत होती. आणि आम्हाला गोठ्यात कधीच ऐकू न आलेली दुसरी चाळीसेक जनुकं ती चरबी जाळून अंग उबदार ठेवत होती. पंख्याखाली पोटभर खाल्लेल्या मेंढीला आम्ही विचारलं होतं, तुला चरबी कशाला लागते? ती म्हणाली, कशालाच नाही. उत्तर खरं होतं. आम्ही प्रश्न चुकीच्या दिवशी विचारला होता.

त्या तीन दिवसांत आमच्या तालुक्यातली एकतीस हजार मेंढरं मेली. केंद्राला कुलूप लागलं, चौकशी बसली. गुर्जर मॅडम परराज्यात निघून गेल्या. मी कुलूप लागायच्या आदल्या दिवशी बीजाच्या टाक्या उघडून बघितल्या. क प्रतीच्या मेंढ्यांचं बीज जागा अडवतं म्हणून दोन वर्षांपूर्वीच ओतून दिलेलं. त्या आदेशावर सही माझी होती. मग चार जिल्हे पालथे घातले. जुन्या रक्ताच्या म्हाताऱ्या मेंढ्या कुणाकडे दोन, कुणाकडे चार मिळाल्या. खच्ची न केलेला जुन्या रक्ताचा मेंढा एकही मिळाला नाही. योजना आम्ही फार नेटकी राबवली होती.

आणि मग लोक आबांकडे यायला लागले. आपापल्या उरलेल्या मेंढ्या टेम्पोत घालून, हातात नारळ घेऊन. तालुक्यात एकट्या सिदा झिमलाने देवाचा मेंढा राखला, ही बातमी गावोगाव पोचली होती. "आबा, तुमचंच ऐकाया पायजे हुतं," असं ते म्हणायचे. आबा त्यांना हात जोडायचे. "म्या कसला राखतोय? देवानं राखला." साठ-सत्तर मेंढ्या आमच्या माळावर जमल्या. चांद्या आपलं काम इमानाने करत होता. मी लांब उभी राहून बघायचे आणि गाडीत बसून निघून यायचे. सांगायचं म्हणून दर खेपेला यायचे, आणि न सांगता जायचे.

मेंढी फळली नाही तर सतराव्या दिवशी पुन्हा माजावर येते. सतराव्या दिवशी सगळ्या आल्या. आबा म्हणाले, "व्हतंय, पयल्या खेपंला व्हतंय." पुन्हा सतरा दिवस. पुन्हा. लोकांनी हळूहळू आपापल्या मेंढ्या नेल्या आणि वाटेतच विकून टाकल्या. नारळ आणणारेच आता म्हणायला लागले, की सिदाचं काहीतरी चुकलं असणार, देव कोपला असणार. सगळ्यांत आधी हे आबांनी मानलं. केंद्राचे मेंढे आपण खांडात घेतले, देवाच्या मेंढ्याशेजारी परके मेंढे उभे केले, म्हणून देवाने तोंड फिरवलं, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. त्यांनी डोक्याचं मुंडासं काढून खुंटीला लावलं. उन्हात उघड्या डोक्याने, अनवाणी फिरायला लागले. उभ्या जन्मात मी माझ्या बापाचं उघडं डोकं चारचौघांत बघितलं नव्हतं. दादाने सांगितलं, की आबांनी अकरा मेंढ्यांचा सौदा केलाय, शुक्रवारी गाडी येणार, आणि त्यानंतर ते काठी खाली ठेवणार.

शुक्रवारी सकाळी मी माळावर गेले. आबा वाघरीचे खुंटे ठोकत बसले होते. गाडी यायची होती म्हणून मेंढ्या चरायला सोडलेल्या नव्हत्या.

"आबा, ह्या मेंढ्या इकू नगा. ह्यांच्याबिगर जुनं रगत कुठंच ऱ्हायलं न्हाय."

"भाकड जनावर ठिवून काय करू, माया? माझ्या हातनं चूक झाली. त्येची शिक्षा ह्या मुक्या जिवास्नी कशापायी?"

"चूक तुमची न्हाय, आबा. माजी हाय."

"तुजी कशी? मेंढं म्याच आत घ्येतलं."

मग मी सांगितलं. पांढरं टोपण, गुर्जर मॅडमचा चहा, शेरा, दाखला, सगळं. मी मध्ये न थांबता बोलत गेले, कारण थांबले असते तर पुढचं बोलवलं नसतं.

आबांनी हातातला दगड खाली ठेवला.

"लस टोचली त्या दिशी?"

"व्हय."

"त्या दिशी म्याच धरला हुता त्येला."

"व्हय, आबा."

"सुईला भंडारा म्याच लावला."

त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी आयुष्यात मला कधी मारलं नव्हतं, आणि त्या दिवशीही हात उचलला नाही. ते नुसते चांद्याकडे बघत राहिले. चांद्या एका म्हाताऱ्या मेंढीच्या मागे मागे चालला होता.

"त्येला बिचाऱ्याला काय ठावं," आबा म्हणाले. "चार वर्सं कष्ट करतोय."

मी डोळे पुसले आणि उरलेलं बोलले. एक वाट होती. कातडीच्या छोट्या तुकड्यातल्या जिवंत पेशींपासून तसाच्या तसा मेंढा घडवता येतो. दूरच्या एका प्रयोगशाळेने तुकडा पाठवायला सांगितलं होतं. दहा खेपांत एखादी साधते, तीही साधेलच असं नाही. साधली तर चांद्याचाच जुळा जन्माला येईल, सुई न टोचलेला, कारण सुईचा असर कातडीपर्यंत पोचत नाही. तोवर या अकरा मेंढ्या जगायला हव्यात. "जरासाच तुकडा, आबा. मांडीच्या आतला. कुणाला दिसायचाबी न्हाय."

"मांडीचा कशाला? कानाचा घे. डाव्या."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "आबा, देवाच्या मेंढ्याचा कान..."

"देवाचा व्हता तवर आपुन राखला. आता त्यो देवाचा ऱ्हायला न्हाय. आपल्यातलाच झाला. कर आपली खूण."

त्यांनी कमरेची भंडाऱ्याची पिशवी सोडली. माझ्या हातावर ठेवतील असं क्षणभर वाटलं. त्यांनी ती घडी करून खिशात घातली.

मी कात्री काढली, बर्फाची पेटी उघडली आणि सवयीने थांबले, त्यांनी चांद्याला गुडघ्यांत घ्यावं म्हणून. लहानपणापासून दर खेपेला तसंच झालं होतं. आबा उठले. मेंढ्यांची गाडी रस्त्याच्या वळणावर दिसायला लागली होती. ते तिला परत पाठवायला निघाले.

"आबा, चांद्याला धरा की."

ते वळले नाहीत.

"ह्या येळंला तूच धर," ते म्हणाले.

मी चांद्याला गुडघ्यांत घेतलं. मला वाटलं होतं तो उधळेल, पण तो मुकाट उभा राहिला. मी त्याच्या डाव्या कानाच्या टोकाला आमची खाच पाडली, तुकडा पेटीत ठेवला आणि रक्त थांबेपर्यंत कान बोटांत दाबून धरला. सगळा वेळ तो मान वळवून रस्त्याकडे, आबा गेले त्या बाजूला बघत होता.